राउंडबापूंचं बिस्कीट

बापूंच्या लेखी जगात माणसांचे तीनच प्रकार होते. सोडा कमी पडलेला, सोडा जास्त झालेला आणि बेताचा. पहिल्या प्रकारात आमचे हेडमास्तर. माणूस सज्जन, पण कुठल्याच गोष्टीने म्हणून वर यायचा नाही. घातला तसा बसलेला. दुसऱ्या प्रकारात तालुक्यातले बहुतेक वकील, आणि सभेत बोलायला उठले की खाली बसायचं विसरणारे सगळे. बेताचा सोडा पडलेली माणसं बापूंना आयुष्यात फार थोडी भेटली होती. मी कुठल्या प्रकारात, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमनं आजून भट्टीमा जावानं बाकी शे, मास्तर." मला राग आला. त्या वयात मला राग लवकर यायचा आणि भूक त्याहून लवकर लागायची, आणि या दुसऱ्या गुणापायीच आमचं जमलं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी नाशिककडून शहाद्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. शहाद्यात मनासारखी खोली मिळेना, म्हणून गोमाई नदी ओलांडून लोणखेड्याला बापूंच्या ओसरीलगतची खोली भाड्याने घेतली. घर खात्यापित्या शेतकऱ्याचं. कापूस, ज्वारी, विहीर, दावणीला बैल. शेती धाकटे भाऊ आणि बापूंचा थोरला मुलगा पाहायचे. बापू मात्र तरुणपणीच जंगलखात्यात शिरले आणि राउंड गार्ड होऊन धडगाव, तोरणमाळ या बाजूला सातपुड्यात नोकरीची सगळी वर्षं काढून पेन्शनीत निघाले. म्हणून गाव त्यांना राउंडबापू म्हणे. नोकरी गेली तरी खाकी कोट गेला नव्हता. उन्हाळ्यात घामाने भिजून जात, पण कोट अंगातून निघत नसे.

जंगलातून निवृत्त होणारी माणसं घरी काय आणतात? वाघाचं कातडं, मधाचे डबे, सागाची एखादी खाट. बापूंनी खायच्या सोड्याचा डबा आणला आणि त्यासोबत बिस्किटं करायची विद्या. साहेब लोक दौऱ्यावर आले की तंबू पडायचे, आणि तंबूबरोबर एक गोवेकर स्वयंपाकी यायचा. साहेबाच्या पोटाला ताडीवर फुगवलेला पाव चालत नसे, म्हणून तो सोड्यावरची बिस्किटं भाजायचा. बापूंनी त्याला लाकूड पुरवलं, पाणी पुरवलं, कोंबड्या पुरवल्या आणि बदल्यात त्याचं सगळं कसब काढून घेतलं. परत आले तेव्हा परसात रॉकेलचा डबा आडवा ठेवून त्याला चारी बाजूंनी मातीचा लेप दिला, खाली-वर विस्तव घालायची सोय केली आणि त्या ओबडधोबड प्रकाराला ते मोठ्या अदबीने 'ओव्हन' म्हणू लागले. सरपणाला कपाशीच्या पऱ्हाट्या. घरची माणसं पाणी तापवायला पऱ्हाट्या शोधत असत तेव्हा त्या बापूंनी आधीच पळवलेल्या असत.

दर चार-आठ दिवसांनी सकाळी भट्टी लागायची. गव्हाचं पीठ जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा चाळायचं, लोणकढं तूप हाताने फेसायचं, साखर कुटून घालायची. हे सगळं सावकाश, गप्पा मारत. पण एकदा का पिठात सोडा पडला की बापू वेगळेच व्हायचे. मग बोलणं बंद, हसणं बंद, आणि दारात खुद्द मामलेदार येऊन उभे राहिले तरी ते मान वर करणार नाहीत. सोडा ओला झाला की त्याचं काम सुरू होतं, तो कुणासाठी थांबत नाही, म्हणून आपणही थांबायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. बिस्किटं निघाली की ते कोटाच्या खिशातून खात्याची जुनी शिट्टी काढून फुंकायचे. ती ऐकून गल्लीतली पोरं धावत यायची, आणि पोरांच्या मागोमाग, जरा सावकाश, मास्तरकीचा आब राखत, मीही जायचो.

बिस्किटं झकास असत. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. वरून खरपूस, आतून भुसभुशीत, आणि जिभेवर ठेवल्यावर तुपाचा वास आधी यायचा. नंदुरबारला गेले की बापू स्टेशनसमोरच्या दुकानातून पुड्यातली बिस्किटं विकत घ्यायचे, ती केवळ नावं ठेवायला. एकेक बिस्कीट मोडून उजेडाकडे धरायचे, आतली भोकं पाहायचे, मग तुकडा जिभेच्या मागच्या बाजूला ठेवून डोळे मिटायचे आणि दुकानदाराच्या देखत सांगायचे की कंपनीवाल्याचा हात सैल आहे, सोडा जास्त पडलाय, साबण लागतोय. दुकानदार बिचारा म्हणायचा, बापू, मी फक्त विकतो. बापूंना कुणी पोटात गॅस झाला म्हणून चिमूटभर सोडा मागायला आलं तर मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एवढ्या गुणाच्या जिनसेला ढेकर काढायच्या कामाला लावणं त्यांना अपमान वाटायचा. सोड्याचा, त्यांचा स्वतःचा नव्हे.

एवढं सगळं असून या माणसाच्या जिवाला एक टोचणी होती. त्यांची बायको ती बिस्किटं खात नसे.

तिला सगळं गाव जिजी म्हणायचं, मीही म्हणत असे. जिजी उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. रागावलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही. बिस्किटांना लागणारं तूप त्याच कढवून द्यायच्या, वाटी भरून ओट्यावर ठेवायच्या. साखर संपली तर न मागता आणवून ठेवायच्या. भट्टीजवळ मात्र कधी फिरकल्या नाहीत. बिस्किटं निघाली की बापू पहिलं बिस्कीट ताटलीत घालून स्वतः घरात न्यायचे. थोड्या वेळाने ते तीच ताटली घेऊन बाहेर यायचे आणि ते बिस्कीट माझ्या हातात पडायचं. सुरुवातीला मला वाटे की हा माझा मान आहे. पुढे कळलं, तेव्हा ते बिस्कीट घशाखाली उतरायला जरा जड जाऊ लागलं. तरी मी ते खायचो, ही गोष्ट वेगळी.

बापूंचा ठाम समज असा की जिजींना विटाळाची शंका आहे. साहेबाच्या तंबूतली विद्या, गोवेकराच्या हातची, त्यात ताडी नसेल कशावरून? म्हणून ताडीचा संबंध नाही हे सिद्ध करायच्या मागे ते हात धुऊन लागले होते. सोडा म्हणजे मिठाचा भाऊ, खाणीतली वस्तू, हे ते ओसरीवर बसून आतल्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायचे. मला ते ठाऊक असेल नसेल, मला फक्त मान डोलवायची असे. एकदा चातुर्मासात पोथी सांगायला आलेल्या महाराजांना त्यांनी गाठलं, सोडा दाखवला, त्यावर लिंबू पिळून तो कसा फसफसतो तेही दाखवलं, आणि यात दोष नाही असं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. महाराजांनी लागोपाठ चार बिस्किटं खाल्ली आणि वर दोन उपरण्यात बांधून नेली. बापू विजयी मुद्रेने आत गेले. आतून जिजींचा शांत आवाज आला, "महाराजसले आवडनं, बरं व्हयनं." ताटली बाहेर आली.

मला वाटायचं, काय हट्ट हा. बापूंचाही आणि बाईंचाही. घरात धान्य आहे, नातवंडं आहेत, दोघांची प्रकृती ठणठणीत आहे, आणि एका बिस्किटावरून वर्षानुवर्षं चाललेलं हे मूक भांडण. मी अविवाहित होतो, त्यामुळे मला सगळं सोपं दिसायचं.

मग तो फाल्गुन आला. आमच्या गल्लीत पापडांचे दिवस सुरू झाले की पुरुषांना घरात किंमत राहत नसे. उडदाच्या पिठाचे गोळे मुसळाखाली कुटायचे, लाटायचे, अंगणभर खाटांवर वाळत घालायचे. त्या पापडांना लागणारा खार जिजी स्वतः करायच्या. केळीची वाळलेली सोपटं जाळून त्यांची राख पाण्यात भिजवायची, आणि वरचं निवळ पाणी बरणीत भरून ठेवायचं. विकतचा पापडखार त्या वापरत नसत. जिजींच्या खाराचे पापड फुलतात तसे कुणाचेच फुलत नाहीत अशी त्यांची ख्याती, आणि बायका आधीपासून त्यांच्याकडे वशिला लावून ठेवायच्या.

एका सकाळी बापू माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा नवी वाट सापडल्यासारखा फुललेला. म्हणाले, इतकी वर्षं आपण उगीच डोकं फोडत होतो. पापडाला खार घातला की तो फुलतो, बिस्किटाला सोडा घातला की ते फुलतं. म्हणजे काम एकच. मग सोडा घालायचाच कशाला? तिच्याच बरणीतला, तिच्याच हातचा खार घातला तर तिला नाही म्हणायला जागा कुठे राहते? मला ही कल्पना इतकी बिनतोड वाटली की मी उठून त्यांचा हात हातात घेतला. दोन शहाण्या माणसांनी मिळून केलेला तो मूर्खपणा होता. बापूंनी जिजी देवळात गेल्याचं पाहून बरणी उतरवली आणि खार ओतून घेतला. बेताचा म्हणता म्हणता बरणीचा तळ दिसू लागला.

जे व्हायचं तेच झालं. बिस्किटं फुलली नाहीत, पसरली. रंग हळदीच्या पाण्यासारखा, आणि वास धोबीघाटाचा. शिट्टी वाजली, पोरं आली, एकेका पोराने एकेक घास घेतला आणि सगळी जशी आली तशी निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी बापूंचं बिस्कीट अर्धं खाऊन खिशात घातलं. बापूंना त्याचं काही नव्हतं. चव कशी का असेना, आज मुद्दा चवीचा नव्हताच.

तिकडे अंगणात पापडांचं पीठ भिजवायला बसलेल्या बायकांनी बरणी उघडली आणि गलका झाला. खार कुठे गेला? जिजींनी एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा परसातल्या धुराकडे, आणि समजल्या. त्यांनी बायकांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. अंगण रिकामं झालं. एवढ्यात बापू ताटलीत ते पिवळं बिस्कीट घेऊन आले, साक्षीदार म्हणून मला दंडाला धरून सोबत आणलं, आणि ताटली जिजींसमोर ठेवली.

"आते तुन्हाच खार शे," ते म्हणाले. "ना साहेबना, ना गोवेकरना. आते ते खा."

जिजी रिकाम्या परातीपाशी बसल्या होत्या. त्यांनी पदराने हात पुसले. मी तिथून निघायला हवं होतं, पण बापूंनी दंड सोडला नव्हता.

"ताडी नही, हाई माले पयलेपासून ठाऊक शे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, रोजच्या भाकरीबद्दल बोलावं तसा. "महाराज खातस, गाव खास. मी काय त्यासनाथून सोवळी शे?"

"मंग?" बापूंनी विचारलं.

"तुमनी बदली वर व्हयनी, तधळ मी गाठोडं बांधी ठेयेल व्हतं. दारशी गाडी जुपेल व्हती. तुमनी माय बोलनी, सून आठेच ऱ्हाई. तुम्ही खाले दखत उभा ऱ्हायनात. एक शबद बोलनात नही." मग त्यांनी ताटली हलकेच बापूंकडे सरकवली. "जे मन्हाबिगर शिकनात, ते मन्हाबिगर खा."

त्या उठून आत गेल्या. बापू ताटलीकडे पाहत उभे राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की दर आठवड्याला हा माणूस जे बिस्कीट मोठ्या हौसेने घरात नेत होता, ते त्या बाईसमोर काय म्हणून येत असेल. तिला न नेलेल्या डोंगराची ती चव होती. ही इथे सासूच्या हाताखाली जात्यावर बसलेली, आणि तो तिथे धुक्यात शेकोटीपाशी बसून शिकलेला. सुट्टीला घरी यायचा, मुलं झाली, संसार झाला, सगळं रीतसर झालं. फक्त सासूच्या एका शब्दावर ती गाडी तिच्याविना गेली होती, हा मान खाली घालून उभा राहिला होता, आणि त्याबद्दल कुणी कधी तोंड उघडलं नव्हतं. मला बापूंची दया आली आणि तितकाच रागही आला.

त्या दिवसापासून भट्टी थंड. शिट्टी वाजेना. पोरं काही दिवस परसात डोकावून गेली आणि मग विसरली. शहाद्याच्या बाजारात लोक मला विचारायचे, राउंडबापू आजारी आहेत का? ते आजारी नव्हते. ओसरीवर बसायचे, कोट घालून, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाचाच सोडा कमी-जास्त काढायचे नाहीत. ओव्हनच्या मातीला पावसाळ्यात भेगा पडल्या, त्यातून गवत उगवलं. जिजींनी त्यांच्या चहाची, जेवणाची वेळ कधी चुकवली नाही. बोलणं पूर्वीइतकंच, म्हणजे थोडंच.

श्रावणात एकदा दुपारी बापू माझ्या खोलीत येऊन बसले. बराच वेळ माझ्या टेबलावरची दौत उचलून ठेवत राहिले. मग म्हणाले, "साठी उलटनी मास्तर. आते तिले काय सांगू?" मी म्हटलं, चुकलं म्हणून सांगा. ते म्हणाले, सांगून काय होतं, तेव्हा बोलायचं होतं ते तेव्हा बोललो नाही, आणि आता ज्या आईपुढे बोलायचं ती आई राहिली नाही. मी त्यांना चहा विचारला, ते नको म्हणाले आणि गेले.

दिवाळी झाली. सुट्टी संपवून मी नाशिकहून परतलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आवाज ऐकू आले म्हणून बाहेर आलो. दारात बैलगाडी जुंपलेली. बापू कोट, पायात बूट, डोक्याला मफलर. घरातली सगळी माणसं ओसरीवर गोळा झालेली. बापू म्हणत होते की ते आठ दिवस तोरणमाळला जाणार आहेत, आणि जिजी बरोबर येणार आहेत. थोरला मुलगा समजावत होता, या वयात डोंगर चढायचा, थंडी, आईचे गुडघे. भावजय म्हणाली, लोक काय म्हणतील, तीर्थ ना यात्रा, म्हातारा-म्हातारी जंगलात कशाला? धाकटे भाऊ म्हणाले, दादा, तू जा, वहिनी इथेच राहू दे.

जिजी उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. त्या फक्त बापूंकडे पाहत होत्या, आणि त्या पाहण्यात विनवणी नव्हती, अपेक्षाही नव्हती.

बापूंनी वर पाहिलं. सगळ्यांच्या तोंडावरून नजर फिरवली. त्यांचा आवाज चिरकला, पण निघाला.

"ती येई," ते म्हणाले. "मन्हा संगे येई. कोनले इचारानं नही." मग जिजींकडे वळून, जरा खाली आवाजात, "गाठोडं बांध वं."

जिजी आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा काखेत गाठोडं होतं आणि नवं लुगडं नेसल्या होत्या. गाडीत चढताना त्यांनी मुलाचा हात धरला नाही, बापूंचा धरला. मी तोंड फिरवून खोलीत गेलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मास्तराने भर अंगणात रडणं बरं दिसत नाही.

ते ठरल्यापेक्षा दोन-चार दिवस उशिरा परत आले. जिजी गाडीतून उतरल्या आणि सरळ चुलीपाशी गेल्या. दमल्या होत्या, पण लंगडत नव्हत्या. त्यांच्याकडून काही कळणार नाही हे मला ठाऊक होतं. बापूंची मात्र मी वाट पाहत होतो. हा माणूस नंदुरबारला जाऊन आला तरी दोन दिवस सांगत बसायचा, आता तर तोरणमाळ. तेवढ्यात ते आलेच. खाटेवर टेकले. मी विचारलं, भट्टी लावली का वर?

लावली, म्हणाले. पायथ्याशी गाडी सोडून चढताना पाण्याची पिशवी गळली आणि सामान भिजलं, सोड्यासकट. तरी जंगलखात्याच्या बंगल्यामागे चूल मांडून, पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून बिस्किटं केली. ती शेजारी बसून होती. पीठ तिने मळलं.

"आणि?" मी म्हटलं.

"दगडं व्हयनात," बापू म्हणाले. "इतलं वाईट मी जलममा करेल नही. मी तिले बोलनू, ऱ्हाऊ दे, दातले लागी. तिनी च्यामा बुडाईसन खादं."

पुढे सांगतील म्हणून मी थांबलो. तळ्याचं, धुक्याचं, साहेबांच्या बंगल्याचं काहीतरी सांगतील. पण ते खाटेच्या सुंभाशी बोटांनी चाळा करत बसले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "दुसरं मांगी लिधं तिनी."